मालक खाटेवर, घोडी दारात

पवित्र मरियेच्या जन्माच्या सणाच्या आठवड्यात, म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीला, आमच्या धर्मग्रामातील एका वयस्क शेतकरी बंधूंना अपघात झाला. खानापूर तालुक्यातील त्या गावात त्यांना लहानथोर सगळे 'मामा' म्हणतात. पहाटे दुधाचे कॅन घेऊन घोडागाडी रस्त्याला लावताना चाक पाणी भरलेल्या खड्ड्यात गेले, गाडी कलली आणि मामा बांधावर आपटले. उजव्या मांडीचे हाड मोडले. घोडी मात्र जागची हलली नाही. मागून येणारी दोन पोरे पोहोचेपर्यंत ती तशीच उभी होती. चार पावले पुढे गेली असती तर चाक मामांच्या अंगावरून गेले असते.

दवाखान्यात शस्त्रक्रिया होऊन हाडात सळई बसली. तिसऱ्या दिवशी आम्ही भेटीला गेलो. मामांनी स्वतःविषयी एक शब्द काढला नाही. पहिला प्रश्न हाच, "घोडीला पाणी दाखवलासा काय रे?"

मामांना मूल नाही. मामींच्या गुडघ्यांना सूज. शेजारी दोन-चार दिवस पेंढी टाकतील, पण पुढे काय? डॉक्टरांनी सांगितले, तीन-चार महिने काठीशिवाय चालणे नाही, आणि घोडागाडी यापुढे विसरावी. अशा वेळी जनावराचे काय करायचे, हा प्रश्न आमच्या पॅरिशमध्ये पहिल्यांदाच इतका उघडपणे उभा राहिला. बैल किंवा म्हैस असती तर गावातच गिऱ्हाईक मिळाले असते. घोड्याचे तसे नाही. टांगे गेले, रिक्षा आल्या. मुंबईतल्या व्हिक्टोरिया गाड्यांची मौजेची फेरी उच्च न्यायालयाने २०१५ साली बेकायदा ठरवली. बेळगाव-कोल्हापूरकडचे टांगेही मोजकेच उरले. घोडा पोसणारी आणि घोडा कळणारी माणसे कमी झाली आहेत.

त्या तीन महिन्यांत आम्ही काय शिकलो, कुठे चुकलो आणि शेवटी घोडीला घर कसे मिळाले, ते येथे सांगत आहोत. उद्या कोणाच्याही दारात अशी वेळ येऊ शकते.

पहिली चूक आमचीच

मामांची घोडी कुमेत रंगाची, बेताच्या उंचीची, कपाळावर पांढरा ठिपका. म्हणून तिचे नाव चांदणी. आम्ही पाळ्या लावल्या. तरुण मंडळातील पोरांनी सकाळ-संध्याकाळ जायचे, खरारा करायचा, शेण काढायचे, पाणी दाखवायचे. उत्साह इतका की जो येई तो काहीतरी खायला घेऊन येई. कोणी भाकरी, कोणी गूळ, कोणी हरभरा.

दुसऱ्या आठवड्यात गावात एका बाळाचा बाप्तिस्मा झाला. जेवणाचा उरलेला भात एका पोराने प्रेमाने टोपलीभर नेऊन घोडीपुढे ठेवला. तिने तो सगळा फस्त केला. रात्री मामींना गोठ्यातून आपटण्याचा आवाज आला. घोडी पुढच्या पायाने जमीन उकरत होती, मान वळवून पुन्हापुन्हा आपल्या कुशीकडे पाहत होती, खाली बसून लोळू पाहत होती. अंग घामाने भिजलेले.

हा पोटशूळ. घोड्याचे जठर त्याच्या शरीराच्या मानाने लहान असते आणि घोड्याला ओकारी काढता येत नाही. गायी-म्हशीला चार कप्पे आहेत, ती रवंथ करते. घोड्याला ती सोय नाही. अवेळी, अवाजवी खाल्लेले धान्य आत आंबते आणि वायू धरतो. आतड्याला पीळ पडला तर काही तासांत जनावर जाते. पशुवैद्य रात्री अकराला आले. त्यांनी नाकातून नळी घालून जठर मोकळे केले, औषधी तेल सोडले, दुखणे कमी होण्याचे इंजेक्शन दिले. पहाटे तिने लीद टाकली तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

पशुवैद्यांनी आम्हाला जे सांगितले ते सर्वांनी ध्यानात ठेवावे. पोटशूळ दिसताच पुढचे खाणे काढून घ्या आणि पशुवैद्यांना बोलवा. जनावर शांत असेल तर हळूहळू फिरवा, पण दमवू नका. बाटलीने तोंडात तेल किंवा काढा ओतू नका. तो फुप्फुसात उतरला तर दुसरेच संकट उभे राहते.

दुसरी गोष्ट आम्हाला अगदीच नवी होती. घोडी रोज गाडी ओढत होती तेव्हा तिला हुलगे-हरभरा लागत होता. आता ती उभी होती आणि खुराक मात्र तोच, किंबहुना जास्त. असे जनावर काही दिवस विश्रांती घेऊन एकदम कामाला जुंपले तर त्याचे मागचे स्नायू लाकडासारखे आखडतात, पाऊल उचलत नाही, लघवी काळपट तांबडी होते. हा दुखणाईत प्रकार जिवावर बेतू शकतो. म्हणून काम थांबले की त्याच दिवसापासून धान्य कमी करायचे, वैरण मात्र पुरेशी ठेवायची आणि रोज थोडे चालवायचे.

किती खायला द्यावे?

अंदाजाने देऊ नये. आम्ही मामींची शिवणाची फीत घेतली आणि घोडीची छाती कोपरामागून मोजली, ती १४५ सेंटिमीटर भरली. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी १४० सेंटिमीटर. छातीच्या आकड्याला त्याच आकड्याने गुणायचे, आलेल्याला लांबीने गुणायचे आणि ११,८८० ने भागायचे. उत्तर आले सुमारे २४८ किलो. हे साधारण वजन झाले. वजनाच्या शेकडा दोन या हिशोबाने तिला रोज सुमारे ५ किलो कोरडी वैरण हवी. ज्वारीचा कडबा, वाळलेली हरळी किंवा डोंगरी गवत चालते. नुसत्या भाताच्या पिंजरावर घोडा ठेवू नये, त्यात कस कमी. ही वैरण दोन वेळांऐवजी तीन-चार वेळा विभागून द्यावी. उभ्या जनावराला धान्य नसले तरी चालते, पण मिठाचा खडा जवळ असावा. पाणी दिवसाला २५ ते ४० लिटर लागते, उन्हाळ्यात अधिक.

नवी वैरण सुरू करायची तर जुनीत मिसळून आठ-दहा दिवसांत पालटावी. बुरशी धरलेला कडबा टाकून द्यावा. ज्वारीचे कोवळे पोंगे आणि घाणेरीचा पाला टाळावा. आणखी एक इशारा: कोंबड्यांचे तयार खाद्य घोड्याच्या तोंडी कधीही लागू देऊ नका. काही कोंबडीखाद्यांत आणि गुरांच्या खाद्यांत घातलेले एक औषध, मोनेन्सिन, कोंबडीला आणि गुराला मानवते, पण घोड्याला अगदी थोडेही मारक ठरते. आपल्यातील पुष्कळांकडे कोंबड्यांची शेड आहे म्हणून हे मुद्दाम लिहितो.

गिऱ्हाइके आली, पण कसली?

ऑक्टोबरमध्ये मामा घरी आले. खाट ओसरीवर टाकली, म्हणजे दारातली घोडी त्यांना दिसे. ती सकाळी त्यांचा खोकला ऐकला की कान उभे करी. मामा तोंड भिंतीकडे फिरवीत. एक दिवस त्यांनीच सांगितले, "बाबांनो, तिला उभी ठेवून खायला घालणं हे तिच्यावरही उपकार न्हवं आणि तुमच्यावरही. घर बघा तिला."

बातमी पसरली तशी माणसे येऊ लागली. पहिला आला तो दलाल. त्याने सर्वांत जास्त रक्कम सांगितली आणि रोख देतो म्हणाला. घोडी कुठे जाणार, कोणाकडे, कोणत्या कामाला, यांपैकी एकाही प्रश्नाला धड उत्तर दिले नाही. दात पाहिले, पाय पाहिले, "उद्याच गाडी आणतो" म्हणाला.

दुसरा शर्यतीवाला. आमच्या भागात घोडागाड्यांच्या शर्यती होतात, कुठे घोडा आणि बैल एका जूला लावतात. दोघांची चाल वेगळी, उंची वेगळी, ताकद वेगळी. एक ओढतो, दुसरा फरफटतो. बैल आणि गाढव एकत्र जुंपून नांगरू नये, असा नियम अनुवादाच्या पुस्तकात परमेश्वराने इस्राएलला घालून दिला आहे. त्यातली दया समजायला पंडित असावे लागत नाही. चौदा वर्षांच्या घोडीला चाबकाखाली पळवायचे, हे मामांना ऐकवले नाही.

तिसरा वरातीसाठी घोडी शोधत होता. त्याला पांढरी हवी होती. कुमेत पाहून तो परतला. चौथा जुन्या वळणाचा. त्याने अंगावरचे भोवरे मोजले. मानेवर 'देवमण' आहे का ते पाहिले, पोटाखाली हात फिरवला आणि एक भोवरा अशुभ ठरवून किंमत निम्मी केली. वाचकहो, भोवरा म्हणजे केसांची वळणे, माणसाच्या डोक्यावर असतात तशी. त्यांत शुभ नाही, अशुभ नाही. चांदणीचा तो 'अशुभ' भोवरा तिच्या अंगावर जन्मापासून होता आणि त्याच घोडीने मामांचा जीव वाचवला.

पैशाचा प्रश्न

येथे आमच्यात वाद झाला आणि तो लपवण्यात अर्थ नाही. दवाखान्याचे बिल मोठे होते. सरकारी योजनेतून काही भागले, उरलेले अंगावर. दलालाची रक्कम घेतली असती तर बराचसा भार उतरला असता. आमच्यापैकी काही जण म्हणाले, माणूस आधी की जनावर? मामांना औषध हवे, मामींना तांदूळ हवा, आणि आपण घोडीचे लाड करत बसलो आहोत. हा मुद्दा खोटा नव्हता. कॅथोलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ दोन्ही बाजू सांगतो: जनावरांना विनाकारण दुःख देणे माणसाला शोभत नाही, आणि माणसाच्या दुःखनिवारणासाठी लागणारा पैसा जनावरांवर उधळणेही योग्य नाही.

दवाखान्यात काम केलेल्या आमच्या सिस्टरांनी यातून वाट काढली. म्हणाल्या, "दोन डबे वेगळे ठेवा. मामांच्या औषधाच्या डब्यातला एक रुपयाही वैरणीला जाऊ नये. वैरण शेतातून येईल, पैशातून नको." तसेच केले. ज्यांच्याकडे कडबा होता त्यांनी कडबा दिला. औषधाच्या डब्यात रविवारच्या मिस्सेनंतर ज्याने त्याने जमेल ते घातले. आणि दलालाला काय उत्तर द्यायचे हे मामांवर सोपवले, कारण घोडी त्यांची होती, आमची नव्हती. मामा रात्रभर जागे राहिले. सकाळी म्हणाले, "ती त्या दिवशी जागची हलली न्हाई. मी तिला कुठं धाडतोय ते मला ठावं पायजे." दलाल गेला.

घर शोधण्यापूर्वीची तयारी

मग आम्ही पशुवैद्यांच्या सल्ल्याने एक वहीचे पान तयार केले. त्यावर सगळे खरे लिहिले. वय सुमारे चौदा. घोड्याचे वय दातांवरून कळते: पाचव्या वर्षी पुढचे सगळे पक्के दात येतात, आणि दहाच्या सुमारास वरच्या जबड्यातील शेवटच्या कापणाऱ्या दातावर एक पन्हळीसारखी रेघ उगवते, ती पंधराच्या सुमारास दाताच्या निम्म्यापर्यंत येते. काम: गाडीची सवय, पाठीवर ओझ्याची थोडी. स्वभाव: मुलांशी शांत. खोड: उडणाऱ्या पांढऱ्या प्लॅस्टिकला बुजते, मागून अचानक हात लावल्यास लाथ उगारते. ही खोड लिहावी की लिहू नये, यावर पोरांत कुजबुज झाली. लिहिलीच. लपवलेली खोड नव्या मालकाच्या बरगडीत उघडी पडते आणि मग जनावर महिन्याभरात पुन्हा बाजारात उभे राहते.

त्याच वेळी पशुवैद्यांनी दोन कामे केली. एक, धनुर्वाताची लस. घोड्याला धनुर्वात फार सहज होतो. खिळा लागला, नाल ठोकताना जखम झाली, एवढे पुरते. पूर्वी लस दिलेली नसेल तर महिना-दीड महिन्याच्या अंतराने दोन मात्रा, मग पशुवैद्य सांगतील तशी पुढची. घोडा हाताळणाऱ्या माणसानेही स्वतःची धनुर्वाताची लस चुकवू नये, कारण लिदीत आणि गोठ्याच्या मातीत ते जंतू असतात.

दुसरे, ग्लँडर्ससाठी रक्ततपासणी. हा घोडा, गाढव, खेचर यांचा जुना रोग. नाकातून चिकट स्राव, नाकात व्रण, कातडीखाली दोरीसारख्या गाठी ही त्याची लक्षणे. तो माणसालाही होतो आणि जिवावर बेततो. लस नाही. जनावर बाधित ठरले तर २००९ च्या संसर्गजन्य पशुरोग कायद्याखाली त्याला वेदनारहित मरण देतात, इलाज करत नाहीत. हरियाणातील हिसार येथे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे, या रोगाच्या तपासणीत ते देशातील प्रमुख केंद्र. नमुना सरकारी पशुवैद्यांनीच घ्यायचा असतो. घोडा एका घरातून दुसऱ्या घरी जाण्यापूर्वी ही तपासणी म्हणजे नव्या घरच्या माणसांची काळजी. चांदणीचा अहवाल निर्दोष आला.

योग्य प्रश्न विचारणारा माणूस

नोव्हेंबरमध्ये आमच्या नालबंदाने एक नाव सुचवले. दर सहा-आठ आठवड्यांनी खुरे छाटायला आणि नाल बदलायला येणारा हा माणूस दहा गावांतली घोडी ओळखतो. कोणाकडे जनावर सुखात आहे आणि कोणाकडे नाही, हे खूर सांगते. घर शोधताना नालबंद आणि पशुवैद्य या दोघांना विचारावे, त्यांच्याइतकी खरी माहिती बाजारात मिळत नाही. अकलूज, येवला, सारंगखेडा येथे घोड्यांचे मोठे बाजार भरतात. तरुण, देखण्या घोड्याला तेथे भाव मिळतो. चौदा वर्षांच्या गाडीच्या घोडीला ओळखीचे घरच बरे.

तो शेतकरी चंदगड तालुक्यातला. हिंदू कुटुंब, काजूची बाग डोंगरउतारावर. टेंपो वरपर्यंत जात नाही, बोंडे आणि बिया डोक्यावरून आणाव्या लागतात. त्याच्या वडिलांचा पूर्वी टांगा होता. ओसरीवर बसून त्याने किंमत विचारली नाही. विचारले ते असे: "पाणी विहिरीचं पिते की नळाचं? रात्री बांधून ठेवता की सुटी? पावसात भिजायची सवय आहे? दुसऱ्या जनावरांत राहिली आहे का?" मामांनी खाटेवरूनच मान हलवली. आम्हाला कळले की घर मिळाले.

तरी घाई केली नाही. आमच्यापैकी चौघे त्याच्या घरी जाऊन आलो. गोठा पाहिला: कौले गळत नव्हती, तळ कोरडा होता, हवा खेळती होती. बैलजोडी पाहिली: खांद्यावर जखम नव्हती. कुत्रा पाहिला: तोही गुबगुबीत आणि शेपूट हलवणारा. जनावर मागणाऱ्याच्या घरी आधीपासून असलेली जनावरे पाहावीत. ती बोलत नाहीत, पण सगळे सांगतात.

आणि कामाच्या मर्यादा समजावून घेतल्या. १९६५ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ओढकामाच्या वा ओझ्याच्या जनावराकडून दिवसात ९ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही, सलग ५ तासांहून अधिक विश्रांतीवाचून नाही, आणि तापमान ३७ अंशांवर असेल तर दुपारी बारा ते तीन मुळीच नाही. चौदा वर्षांच्या घोडीला याच्या निम्मेही पुष्कळ, असे त्यानेच म्हटले.

कागद करावा

आपल्याकडे तोंडी व्यवहाराची रीत आहे. ती चांगली, पण माणसे विसरतात आणि मुले बदलतात. एका पानाचा साधा कागद केला. पहिला महिना पारखण्याचा: दोघांपैकी एकाला जरी पटले नाही तरी घोडी परत. पुढे विकायची वेळ आली तर आधी मामांना कळवायचे. आजार झाल्यास पशुवैद्यांचा खर्च नव्या मालकाचा. म्हातारपणी काम होईनासे झाले तर रस्त्यावर सोडायचे नाही. जनावराला उपासमार होईल असे सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याखाली गुन्हाही आहे. आणि असाध्य वेदना असतील तर पशुवैद्यांच्या हातून शांत मरण द्यायचे. हे शेवटचे वाक्य लिहिताना मामींनी पदर डोळ्यांना लावला, पण तेही लिहिले. किंमत दलालाच्या बोलीपेक्षा बरीच कमी ठरली, दोन हप्त्यांत. गाडी वेगळी विकली. मामा म्हणाले, फुकट देणार नाही, फुकटच्या जनावराची किंमत राहत नाही. हेही खरे.

नेण्याचा दिवस

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पहाटे टेंपो आणला. जनावरांच्या वाहतुकीचे नियम १९७८ पासून आहेत. प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यांचा दाखला सोबत लागतो, आणि राज्याची हद्द ओलांडायची असेल तर आणखी काय लागते ते आधीच विचारून घ्यावे. तळावर वाळू आणि पोती पसरली, म्हणजे पाय घसरत नाही. बाजूंना कडब्याच्या पेंढ्या बांधल्या. चढताना ओढले नाही, मारले नाही. तिच्यापुढे तोबरा धरून ओळखीचा पोरगा आधी चढला आणि ती मागोमाग गेली. तिचाच दोर, तिचाच खरारा, आठ दिवसांची तिची वैरण बरोबर दिली. नव्या जागी तीन-चार दिवस बैलांपासून थोडे लांब बांधून ठेवले, मग दिसेल असे, मग जवळ. पहिला आठवडा काम नाही, नुसते फिरवणे.

मामांना निरोपासाठी खाट दारापर्यंत आणली होती. त्यांनी तिच्या नाकपुडीवर हात ठेवला. काही बोलले नाहीत. टेंपो वळला तसे म्हणाले, "पांढऱ्या प्लॅस्टिकचं सांगितलंसा न्हवं?"

मामांच्या प्रकृतीविषयी

हे पान शेतीचे तसे आरोग्याचेही आहे, म्हणून दोन शब्द. मांडीचे हाड मोडल्याचा संशय असेल तर पाय ओढून सरळ करू नये, तेल लावून चोळू नये. आहे त्याच स्थितीत फळीचा आधार बांधून दवाखान्यात न्यावे. हाड बसवणाऱ्याकडे घालवलेले दोन दिवस पुढे दोन वर्षे छळतात. अंथरुणावरच्या रुग्णाचे अंग दर दोन तासांनी वळवावे, टाचा आणि माकडहाड पाहत जावे, नाही तर शय्याव्रण होतात. पिंढरी एकाएकी सुजली, दुखली किंवा श्वास लागला तर ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे, रक्ताची गाठ असू शकते. तंबाखू आणि विडी हाड जुळू देत नाहीत. मामांनी तपकीर सोडली नाही, पण विडी सोडली. जेवणात नाचणी असावी. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सोबत दूध, कडधान्ये, अंडी, आणि सकाळचे ऊन.

आणि एक दुखणे क्ष-किरणात दिसत नाही. घोडी गेल्यावर मामा आठ दिवस नीट जेवले नाहीत. ज्या माणसाचा दिवस चाळीस वर्षे जनावराच्या पाण्याने सुरू झाला, त्याला पहाटे उठायला कारण उरत नाही. अशा वेळी "जनावरच होतं की" असे म्हणू नये. त्याच्याजवळ बसावे, जनावराविषयी बोलू द्यावे. आम्ही त्यांना मंडळाच्या पोरांना घोड्याचे दात आणि खूर पाहायला शिकवण्याचे काम दिले. आता रविवारी ओसरीवर शाळा भरते.

शेवटी

शुभवर्तमानातला चांगला शोमरोनी आपल्याला पाठ आहे. वाटेवर जखमी पडलेल्या माणसाला त्याने उचलले, ते आपल्याच जनावरावर बसवून. त्या जनावराचे नाव कोणी विचारत नाही. पण त्याच्या पाठीवाचून तो जखमी धर्मशाळेत पोहोचला नसता. निर्गमच्या पुस्तकात तर आपला द्वेष करणाऱ्याचे गाढव ओझ्याखाली बसलेले दिसले तरी त्याला मदत करायला सांगितले आहे. शत्रूच्या जनावराला जर एवढे, तर आजारी शेजाऱ्याच्या जनावराला किती?

यंदा १७ जानेवारीला, मठाधिपती संत अंतोनीच्या सणाला, फादरांनी चर्चच्या आवारात गुराढोरांना आशीर्वाद दिला. चंदगडचा तो शेतकरी चांदणीला आणू शकला नाही, काजूला मोहोर धरला होता. त्याने निरोप पाठवला की घोडी बैलांच्या शेजारी उभी राहते, आणि पांढरे प्लॅस्टिक त्याने बागेतून वेचून काढले आहे. मामा काठी टेकत आले होते. निरोप ऐकून त्यांनी तो पुन्हा एकदा सांगायला लावला.

आपल्या गावात कोणी आजारी पडून जनावर अडून राहिले असेल तर लाजू नका, लपवू नका आणि पहिल्या दलालाला हो म्हणू नका. मिस्सेनंतर फादरांना किंवा शेती मंडळाला सांगा. वैरण शेतात आहे, आणि हात आपल्याकडे पुष्कळ आहेत. परमेश्वर आपल्या घरादारावर आणि गुराढोरांवर कृपादृष्टी ठेवो.